डाव्या हातानं दिलेलं पाणी

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

मी उस्मानाबादेत मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो. वय अठरा. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, पण जुनी माणसं अजून अर्जाला दरखास्तच म्हणायची. दर शनिवारी शेवटच्या तासाला मराठीचे सर आमचे निबंध वाचून दाखवत. त्या शनिवारी त्यांनी माझी वही उचलली.

विषय होता एक जुना बोलपट. नाव सांगत नाही. तो थोर आहे, मराठी माणसानं जन्मात एकदा तरी बघावा असा आहे, हे सर महिनाभर सांगत होते. एका मासिकात त्याच्यावर लेख आला होता, तो त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवला होता. लेखात जे होतं तेच बाकीच्यांनी लिहून आणलं. मी मात्र तो बोलपट पाहिलेला होता. तेव्हा म्हटलं, आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहावं.

बोलपटातली गोष्ट अशी. एका गावात तरुण मास्तर येतो. गावच्या विहिरीवर आमच्यासारख्यांना बंदी. एक म्हातारी तहानेनं व्याकूळ होऊन विहिरीजवळ बसते. गाव काठ्या घेऊन उभं. मास्तर स्वतः पोहरा ओढतो, तांब्या भरतो आणि म्हातारीला पाणी देतो. या जागी लोक रडतात, असं मासिकात लिहिलं होतं. मी लिहिलं, ‘नायक म्हातारीला डाव्या हाताने पाणी देतो. डाव्या हाताने देणारा माणूस मला थोर वाटला नाही. म्हणून हा बोलपट लोक म्हणतात तेवढा थोर नाही.’

सरांनी ते दोनदा वाचलं. मला उभं केलं.

“डाव्या हातानं? कुठं बसून बघितलास रे?”

“पाठीमागं, सर.”

“कशाच्या पाठीमागं?”

“पडद्याच्या.”

मग ते हसणं झालं. मी का हसलो? मला कशाला हसतायत ते कळलंच नव्हतं. पण सगळे हसले की आपण गप्प राहायचं नसतं, ही सवय आमच्या अंगात लहानपणीच मुरलेली. सरांनी एक कोरा कागद घेतला. त्यावर दौतीतली शाई जाड ओढून ‘क’ काढला. कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि फिरवला. उलटा ‘क’ सगळ्यांना दिसला. मलाही दिसला.

“पाहिलंत? यांनी बोलपट उलटा बघितला आणि निकाल सुलटा दिला,” सर म्हणाले.

पुन्हा हसणं. या वेळी मी हसलो नाही. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, की पाठीमागून उजव्याचं डावं दिसतं. सांगणार कोण? पाठीमागं आम्हीच होतो.

आमचं गाव उस्मानाबादकडच्या वाशीपासून तीन कोसांवर. निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा जत्रेत पहिल्यांदा तंबूतला शिनेमा आला. मी नऊ-दहा वर्षांचा. तंबूवाल्यानं पडदा टोकाला न लावता मधोमध लावला. म्हणजे गाव मशीनच्या बाजूला आणि महारवाडा पडद्याच्या पलीकडं. कुणी भांडण केलं नाही. उलट आपल्यालाही बघायला मिळतंय म्हणून आमच्याकडं आनंदच होता. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या.

सुरुवातीला पडद्यावर अक्षरं आली. मी नुकता बाराखडी शिकलेलो. एकही अक्षर ओळखीचं लागेना. मला वाटलं उर्दू असणार. तेव्हा सरकारी कागद उर्दूतच यायचा, आणि आम्हाला न वाचता येणारं सगळं आम्ही उर्दूतच ढकलायचो. बाकी कुणाला वाचताच येत नव्हतं. म्हणून अक्षरं उलटी आहेत हे पलीकडं एकालाही कळलं नाही.

मग ती विहिरीची जागा आली. मशीनच्या बाजूनं नाक ओढल्याचे आवाज यायला लागले, पाटलाच्या घरच्या बायका रडत होत्या. आमच्या बाजूला कुणी रडलं नाही. आई पदर सावरत शेजारणीला म्हणाली, “मानूस चांगला दिसतोय, पर देतोय डाव्या हातानं.” शेजारीण म्हणाली, देतोय हेच लई. आणि सगळ्यांनी ते खरं धरलं. कारण आम्हाला पाणी असंच मिळायचं. वरून, लांबून, तोंड फिरवून. उजव्या हातानं कुणी दिलं असतं तरच नवल वाटलं असतं.

सरांनी तास संपताना हुकूम केला. सोमवारपर्यंत निबंध नव्यानं लिहायचा, बोलपट थोर का आहे ते त्यात यायला पाहिजे. खाली माफीनामा, की मी अज्ञानापोटी एका थोर कलाकृतीची निंदा केली. आणि तो प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर वाचायचा. नाही वाचला तर दाखल्यावरच्या वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं ते ते बघणार होते.

हा रकाना म्हणजे माझा गळा होता. वर्तणूक चांगली असल्याशिवाय शाळा मिळत नव्हती. मी ट्रेनिंगला आलो त्या दिवशी आईनं भाकरीची टोपली चुलीत घातली होती. दारोदार फिरून गावकीची भाकरी मागून आणायची ती टोपली. लेक मास्तर होणार, आता मी मागणार न्हाय, असं तिनं गावाला तोंडावर सांगितलं होतं. पाटील हसून म्हणाले होते, बघू की. मी हात हलवत परत गेलो असतो तर तिला नवी टोपली विणून घ्यावी लागली असती. सरांचा राग येत होता आणि त्यांची भीतीही वाटत होती, आणि भीती जास्त होती हे मी लपवत नाही.

म्हणून मी मुकाट्यानं वर्गातल्या दत्ताकडं त्याची वही मागायला गेलो. दत्ता तुळजापूरचा, पुजाऱ्याच्या घरचा. इथं मामाकडं राहायचा. वर्गात त्याचा निबंध पहिला आला होता. तो वही खिडकीत ठेवायचा आणि मी उचलायचो, हाताला हात लागत नसे. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं आणि तोवर मलाही. वही उचलता उचलता सहज विचारलं, तू कुठं बसून बघितलास?

“म्या कुठं बघितलाय,” दत्ता म्हणाला. “तुळजापुरात आलाच न्हाय तो. सरांनी सांगितलं तेच लिवलं.”

मी वसतिगृहात येऊन एकेकाला विचारलं. परंड्याच्या पोरानं नाही पाहिला. उमरग्याच्या पोरानं नाही पाहिला. एकजण म्हणाला, माझ्या काकानं पाहिलाय. सगळ्यांनी थोर म्हणून पानं भरली होती. अख्ख्या वर्गात तो बोलपट पाहिलेला माणूस एकटा मी, आणि माफी मीच मागायची होती. मी तरीही त्या संध्याकाळी दत्ताची वही समोर ठेवून चार पानं उतरवून काढली. खाली माफीनामा लिहिला. अक्षर चांगलं काढलं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं वाशीला उतरलो आणि चालत घरी गेलो. आईला सगळं सांगावं असं ठरवून गेलो नव्हतो. ती दारात कुणाच्या तरी भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. मीही शेजारी बसून तोडायला लागलो. मग म्हटलं, आय, तो विहिरीचा शिनेमा आठवतो का? त्यातल्या मास्तरानं पाणी उजव्या हातानं दिलं होतं. आपण मागं होतो म्हणून डावा दिसला.

ती शेंगा तोडायची थांबली.

“असंल,” ती म्हणाली. “तिकडं उजवा असंल. आपल्याकडं आला तवा डावाच हुता.”

आणि पुन्हा शेंगांना लागली. तिला मी माफीनाम्याचं सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नाही. दुपारची गाडी धरून मी परत आलो. गाडीत मांडीवर वही होती, ती जड लागत होती.

सोमवारी प्रार्थना झाली. सरांनी माझं नाव घेतलं. मी पुढं गेलो, वही उघडली. सगळी पोरं बघत होती, दत्ता पहिल्या रांगेत होता. मी पहिली ओळ वाचली. हा बोलपट थोर आहे. मग थांबलो.

“सर, तुम्ही हा बोलपट कुठं बघितला?”

मी उद्धटपणानं विचारलं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“थोर गोष्ट थोर आहे हे कळायला ती बघावीच लागते असं नाही.”

या वेळी कुणीच हसलं नाही. मी चारही पानं वहीतून फाडली, घडी केली आणि टेबलावर ठेवली. म्हणालो, “मी बघितलाय. आमच्या बाजूनं हात डावाच होता.” एवढंच. जागेवर जाऊन बसलो.

सरांनी रकान्यात ‘उद्धट’ लिहिलं. त्या एका शब्दानं माझी दोन वर्षं खाल्ली. ती दोन वर्षं मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि आईनं लोकांच्या शेंगा तोडल्या. टोपली तिनं विणून घेतली नाही. पुढं मला लोहाऱ्याकडच्या एका खेड्यात शाळा मिळाली.

मागच्या महिन्यात तोच बोलपट उस्मानाबादेत पुन्हा लागला. बरोबरचे गुरुजी म्हणाले, चला, खुर्चीत बसून एकदा समोरून बघा, तुमचा गैरसमज जाईल. चांगल्या मनानं म्हणाले. मी गेलो नाही. माझा गैरसमज झालेलाच नाही. तो बोलपट थोर असेल, नसेल. ज्यानं देणाऱ्याचा हात हाताला लागेल असं पाणी प्यायलंय त्यानं ते ठरवावं.

आमच्या गावच्या जत्रेत अजून पडदा मधोमधच लागतो. पलीकडं आता वाचता येणारी चार पोरं आहेत, त्यांना अक्षरं उलटी दिसतात आणि ती गप्प बसतात. यंदा मी रजा काढली आहे. आईला हाताला धरून मशीनच्या बाजूला नेणार आहे, पहिल्या रांगेत, पाटलांच्या शेजारी. काठ्या निघतील, ठाऊक आहे. आईला विचारलं, तिनं ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलंय.

यंदा जत्रेत बोलपट कुठला आहे, ते मी विचारलेलंसुद्धा नाही.