कोरडी खोली

मार्गासनीत काकांच्या घरात पावसाळाभर कोरडी राहणारी एकच खोली होती. बाकीचं घर जुन्या कौलांचं. ही खोली काकांनी एसटीतून निवृत्त झाल्यावर मागच्या बाजूला बांधून घेतली. वर स्लॅब, आतून-बाहेरून गिलावा, जोतं गुडघाभर उंच. गावाला वाटलं, दोघा म्हाताऱ्यांची सोय झाली. त्या खोलीत कॉमिक्स राहायला गेली.

काका कंडक्टर होते. स्टँडवरच्या स्टॉलला नवा अंक लागला की ड्युटी संपायच्या आत तो त्यांच्या पिशवीत असे. सीटवर कुणी विसरून गेलेले अंक, रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यातून उपसलेले अंक, सगळं त्यांनी जमवलं. पुण्याहून एक संग्राहक आला, हातमोजे घालून तासभर अंक चाळून गेला. तोपर्यंत ‘पोरांची पुस्तकं’ म्हणून हसणारे लोक त्यानंतर हसेनासे झाले.

वर्तमानपत्राच्या कचेरीत जुने अंक कसे ठेवतात ते मी पाहत आलो होतो. काकांनी विचारलं तसं त्यांना सांगितलं. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या वेगळ्या पाकिटात, पाठीला पुठ्ठा, खोक्यात उभा. खोकी बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाहीत. ऊन नको, धूर नको, वाफ तर नकोच. काकांनी यात आपली भर घातली. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या आणि सतत जळणारा एक छोटा बल्ब. ओल शोषणारे निळे खडे त्यांनी माझ्याकडून मागवले. ओल प्याले की ते गुलाबी होतात, भाजले की पुन्हा निळे. ते भाजायचं काम त्यांच्या लेकीकडे होतं. त्यासाठी वेगळा तवा होता. पाकिटातला अंक मात्र तिने कधी हातात घेतला नाही. “हाताला घाम असतो,” काका म्हणत.

पहिल्या बाळंतपणाला ती नसरापूरहून माहेरी आली तेव्हा श्रावण चालू होता. मुलगी झाली. पुढच्या खोलीची भिंत खालपासून ओली होती, लंगोट वाळत नव्हते. काकूंनी मागची खोली मागितली. मी त्या दिवशी तिथे होतो.

“लेकरू सादळंल हो हितं,” काकू म्हणाल्या.

“लेकरू सादळत न्हाई. कागद सादळतो.”

“आवं, महिन्याचाच तर प्रश्न हाय.”

“महिनाभर शेगडी पेटवणार, धुरी घालणार, लंगोट वाळवणार. मग माझ्या खोक्यांवर काय हुईल? आन् चार मानसांचा श्वास? श्वासात पानी असतंय, ठाव हाय का तुला?”

लेक बाळाला पाजत होती. तिने वर पाहिलं नाही. “ऱ्हाऊ दे आई,” एवढंच म्हणाली, “आबांचं बरोबर हाय.”

ती आणि बाळ पुढच्या खोलीतच राहिली. बाळाला बाळदमा झाला. तो गेला नाही. मुलगी आता शाळेत जाते, दप्तरात पंप असतो.

काकू वारल्या. त्यानंतरच्या जून महिन्यात काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, डोकं शाबूत राहिलं. लेक मुलीला घेऊन माहेरी राहायला आली. डॉक्टरांनी सांगितलं, कोरड्या जागी ठेवा, ऊब द्या, मालिश करा, कूस बदलत राहा.

तिने त्याच दिवशी चौघांना बोलावून काकांची खाट मागच्या खोलीत नेली.

मी भेटायला गेलो तेव्हा खिडकी घट्ट लावलेली होती. कोपऱ्यात शेगडी. तिच्यावरून उतरवलेलं निर्गुडीच्या पाल्याचं पातेलं खाटेखाली वाफाळत होतं आणि पांघरुणाच्या कडांमधून वाफ वर येत होती. काकांचं अंग तेलाने चकाकत होतं. चादर स्वच्छ, नखं कापलेली, दाढी केलेली. इतकी चोख शुश्रूषा मी दवाखान्यातही पाहिलेली नाही. समोरच्या कपाटाची दारं सताड उघडी होती. आतला बल्ब बंद होता.

“कपाटाला पण ऊब लागू दे की,” ती म्हणाली.

कपाटातल्या वाटीतले खडे गुलाबी होते.

शेजारची म्हातारी चहा पिऊन उठताना म्हणाली, “लेक असावी तर अशी. आमच्या सुना बघाव्यात.”

“तुमी शिकवलं न्हाई त्यास्नी,” ती म्हणाली. “मला आबांनी लहानपणापास्नं शिकवलं. कुठली वस्तू कशानं टिकती, कशानं जाती.”

ती पाणी आणायला गेली तेव्हा काकांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. शब्द एकेक करून आले. “मला... म्होरं न्हे. पुढच्या खोलीत.”

ती दारात होती. “तिथं सर्द हाय, आबा. तिथं मानूस आजारी पडतं.”

“मग... खोकी न्हे. पुन्याला.”

मी एक खोकं काढून पाहिलं. पाकिटांना आतून दव धरलं होतं. पिना गंजून पानांवर तांबडे डाग उतरले होते, मुखपृष्ठांवर करडे ठिपके. खालच्या खोक्यातही तेच. बुरशी धरलेला अंक जातिवंत संग्राहक आपल्या कपाटाच्या जवळपास येऊ देत नाही. काकांना हे माझ्याइतकंच माहीत होतं. मी खोकं जागेवर ठेवलं.

“न्या की दादा,” ती म्हणाली. “मी कुठं अडवलंय?”

तिने त्याच खोक्यातलं एक पाकीट उचललं, फाडलं आणि अंक बाहेर काढला. आयुष्यात पहिल्यांदा. हात तेलाचेच होते. पानं एकमेकांना चिकटली होती. ती नखाने सोडवायला गेली तशी मधली दोन फाटली. तिने फाटलेली बाजू काकांच्या डोळ्यांपुढे धरली.

“हे तर मारामारीचंच दिसतंय. मला वाटायचं, काय असंल आत.”

अंक तिने खाटेच्या काठावर ठेवला. काका हळूहळू, चालत्या हाताचा जोर लावून, भिंतीकडे वळले. त्यांना पुष्कळ वेळ लागला. ती शेगडी फुंकत राहिली. त्यांचं पुरतं वळून झाल्यावर तिने हात पुसले, एक हात त्यांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि सावकाश, कुठे दुखणार नाही अशा बेताने, त्यांना पुन्हा कपाटाकडे तोंड करून निजवलं. पाठीला उशीचा आधार दिला.

“या कुशीवर ऱ्हावा आता,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय. न्हाईतर अंगाला जखमा हुतील.”

मग तिने पातेल्यात नवा पाला टाकला.