जोडपायी पिशव्यांची बसम्मा

बसम्माच्या दुकानी गेलं की ती आधी माणसाकडे बघायचीच नाही, त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघायची. पिशवी बघून झाली की मग वर मान करून माणसाची चौकशी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला याचा चांगलाच राग आला होता. मी महिपती, सोलापूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. येणारे-जाणारे चार लोक मला रामराम करतात, आणि ही बाई माझ्या पिशवीशी बोलते म्हणजे काय!

बोलली तेही काही बरं बोलली नाही. एका व्यापाऱ्यानं अस्सल विलायती, पलटणीची म्हणून ती खाकी पिशवी माझ्या गळ्यात मारली होती. बसम्मानं तिचं झाकण उलटं केलं, अंगठा पाण्यात बुडवला आणि आतल्या शिक्क्यावर फिरवला. अंगठा काळा झाला. तो मला दाखवत म्हणाली, "अण्णा, ह्यो शिक्का मागल्या आठवड्यातला हाय. पिशवी लढाईला गेली न्हाई, हितंच कुटंतरी शिवलीया." माझा चेहरा पडलेला बघून वर म्हणाली, "पर टिकंल की. कागदं ठेवायला बेस हाय." तेव्हापासून आमची ओळख.

तिचं दुकान मंगळवार पेठेत. दुकान म्हणजे पुढं एक फळी आणि मागं छतापर्यंत पिशव्यांचा ढीग. महायुद्ध संपल्यावर पलटणींचं उरलेलं सामान पुण्याकडे लिलावात निघू लागलं. तिचा नवरा सिद्धलिंगप्पा तिथून गठ्ठेच्या गठ्ठे आणायचा. पाठीवरच्या पिशव्या, खांद्यावरच्या पिशव्या, काडतुसांच्या, पाण्याच्या बाटलीच्या. गिरणीकामगार त्या भाकरी बांधून न्यायला घेत, पोस्टातले लोक घेत, रेल्वेतले घेत. तेवीस साली सिद्धलिंगप्पा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. दीर अक्कलकोटाहून न्यायला आले, तर ही त्यांना म्हणाली, "तितं येऊन मी काय करू? भाकऱ्या थापायला तुमच्या बायका हायत की." दीर परत गेले आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला विभूती लावून ती फळीवर बसली.

तिला अक्षर येत नव्हतं. मराठी नाही, कानडी नाही, इंग्रजीचं तर नाव नको. इंग्रजी आकडे तेवढे नवऱ्यानं शिकवले होते. पण शिक्क्यातली अक्षरं तिनं आपल्या परीनं ओळखीची करून घेतली होती. एका कारखान्याचा शिक्का म्हणजे तिचा 'डोंगर', दुसऱ्याचा 'तंबू', तिसऱ्याचा 'हातोडा'. डोंगरवाल्यांचं कापड घट्ट, पावसात पाणी धरत नाही. तंबूवाल्यांची शिलाई दुहेरी. हातोडावाल्यांचं बक्कल पितळी, घासलं की सोन्यासारखं. शिक्का अर्धा उडालेला असला तरी उरलेल्या रेघांवरून ती कारखाना सांगे, खालच्या आकड्यांवरून साल सांगे, आणि शिक्का झाकणाच्या आत आहे की पाठीला आहे यावरून पिशवी विलायतेत शिवली की हिंदुस्थानात, तेही सांगे. मला इंग्रजी वाचता येतं. तरी त्या शिक्क्यांत मला नुसती अक्षरं दिसायची, तिला त्यामागची माणसं दिसायची.

सगळ्यात महत्त्वाची खूण मात्र वेगळीच. प्रत्येक सरकारी वस्तूवर एक बाण असतो, तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या. बसम्मा त्याला कोंबडीचं पाऊल म्हणायची. एकच पाऊल असेल तर वस्तू अजून सरकारची. सरकारनं ती विकून टाकली की पहिल्या पावलाच्या टोकाला टोक लावून दुसरं पाऊल उमटवतात. पहिलीला ती एकपायी म्हणे, दुसरीला जोडपायी. एकपायी पिशवी तिनं दुकानात कधी ठेवली नाही. कुणी चोरून आणून दाखवलीच तर हाकलून द्यायची, "चल ऊठ, माज्या फळीवर सरकार आनू नगंस" म्हणून.

मग तीस साल आलं. शहरात लष्करी कायदा लागला, आणि तो उठल्यावरही लोक खाकी रंगाला बिचकू लागले. गिऱ्हाईक येऊन म्हणे, मावशी, हा बाण तेवढा झाक. बसम्मा समजावायची, "आरं, जोडपाय म्हंजे तुजा परवाना हाय की. झाकलास तर मग दाखिवशील काय?" पण भ्यालेल्या माणसाला कोण समजावणार? शेवटी तिनं हात टेकले आणि शिक्क्यावर ठिगळं लावून द्यायला लागली. कामाची तिची एक रीत होती. खालचं कापड विरलेलं असेल तर ते आधी कातरून टाकायचं, मगच वर ठिगळ. कुजक्या कापडावर टाका धरत नाही, आणि बसम्माचा टाका सुटला असं पेठेत कुणी म्हटलेलं तिला खपत नसे.

बत्तीस सालच्या माघात रेल्वेच्या मालधक्क्यावरून लष्कराच्या सामानाची दोन खोकी नाहीशी झाली. पोलीस खाकी दिसेल ते तपासू लागले. गिरणीतून सुटलेल्या धोंडीरामला त्यांनी वाटेत अडवलं. हा टेंभुर्णीकडचा कुणब्याचा पोर, साच्यावर कामाला, गाईसारखा गरीब. त्याच्या पिशवीच्या झाकणाला आतून ठिगळ, आणि ठिगळाखालून बाणाची शेपटी बाहेर डोकावत होती. फौजदार म्हणाला, सरकारी खूण मुद्दाम लपवली आहे, हाच चोर. पिशवी जप्त झाली आणि धोंडीराम कोठडीत गेला.

त्याची बायको सोजरबाई रडत माझ्याकडे आली. "दादा, गिरनीवाले म्हंत्यात, शिक्षा झाली तर नाव काटणार. मग आमी कुटं जायाचं?" पिशवी बसम्माकडूनच घेतलेली होती, म्हणून मी सोजरबाईला घेऊन तिच्या दुकानी गेलो. बसम्मानं ऐकून घेतलं आणि ती हसलीच. "येवढंच व्हय? ती तंबूवाली हाय, सोळा सालची, जोडपायी. ठिगळ माजं हाय. उसवलं की दोनी पाय दिसत्यात. जा, पोरी, गप जेवून घे." सोजरबाईचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला.

खटल्याच्या दिवशी सकाळी मी लिंबाखाली पेटी उघडत होतो तोच बसम्मा समोर येऊन उभी राहिली. तोंड पार उतरलेलं.

"अण्णा, माज्या ध्यानात आलं. त्या पिशवीचं कापड शिक्क्यापाशीच इरलं हुतं. मी कातरलं हुतं. दुसरा पाय गेलाय त्यात."

माझ्या हातातला टाक तसाच राहिला. आता ठिगळ उसवलं तर एकच पाऊल दिसणार, म्हणजे फौजदाराला हवं तेच दिसणार. आणि कातरीचं नाव घेतलं तर सरकारी खूण कापली म्हणून ही बाई स्वतः अडकणार. तीस वर्षं लोकांच्या लबाड्या कागदावर सारख्या करून देणाऱ्या माझ्या डोक्यात लगेच एक तोड आली. "अक्का, उंदरानं कुरतडलं म्हणून सांग. उंदराला कोण साक्षीला बोलावतो?" तिनं पदर खोचला आणि कोर्टाकडे चालू लागली. मला वाटलं, पटलं.

कोर्टात फौजदारानं तिला बघून मॅजिस्ट्रेटना सांगितलं, "साहेब, ही अंगठेबहाद्दर बाई. हिला शिक्क्यातलं काय कळणार?" मॅजिस्ट्रेट मराठी होते, वयस्क होते, आणि त्या दिवशी त्यांना घाई नव्हती. त्यांनी आपल्या पट्टेवाल्याच्या खांद्यावरची पिशवी काढायला लावून तिच्यापुढे ठेवली. बसम्मानं झाकण उलटलं, बोट फिरवलं. "डोंगरवाल्यांची. पंध्रा सालची. विलायती. आनी साहेब, ही एकपायी हाय, सरकारनं अजून इकल्याली न्हाई." पट्टेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बरोबर आहे. माणूसही सरकारचाच आहे." कोर्टात हशा पिकला, आणि त्यानंतर अंगठेबहाद्दर हा शब्द कुणी काढला नाही.

मग धोंडीरामची पिशवी आली. बसम्मानं स्वतःच्या हातानं ठिगळ उसवलं. खाली तंबू, सोळाचा आकडा, एक पाऊल आणि त्याच्या टोकाशी संपलेलं कापड. फौजदार हसला. 

"दुसरा बाण कुठे आहे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

मी भिंतीशी उभा राहून ओठांनी 'उंदीर, उंदीर' करत होतो. बसम्मानं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"साहेब, कुनी म्हनंल उंदरानं खाल्लं. उंदीर आसं सरळ कापत न्हाई. ही माजी कातर हाय."

ती पुढं म्हणाली, "कापड कुजलं हुतं म्हणून कातरलं. दुसरा पाय त्यात गेला. पर जरा हे टोक बघा. टोकाला टोक लागतंय, तितं शाई दोनदा बसती. कसं काळंकुट्ट दिसतंय बघा. आता तुमच्या शिपायाच्या पिशवीवरलं टोक बघा. तितं शाई पातळ हाय, एकदाच बसल्याली. माजी कातर बरूबर जोडावरनं गेलीया."

मॅजिस्ट्रेटनी भिंग मागवलं. दोन्ही पिशव्या शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. मग फौजदाराला बोलावून त्यालाही बघायला लावलं. फौजदारानं बघितलं आणि बाजूला झाला.

"बाई, सरकारी खूण कापणं हा गुन्हा आहे. ठाऊक आहे?"

"आता झालं की ठाऊक."

"तरी सांगितलंत?"

"कातर सांगितली न्हाई तर पाय कसा सांगू, साहेब?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती सरळ कड बघून माझा उंदीर लगेच खोटा पडला असता, आणि मग तिनं दाखवलेल्या काळ्या टोकावर कुणी विश्वास ठेवला नसता. धोंडीराम माझ्या हुशारीनं तुरुंगात गेला असता. मला त्या भिंतीत शिरावंसं वाटलं.

धोंडीराम सुटला. त्यानं बसम्माचे पाय धरले, सोजरबाईनं तिच्या गळ्यात पडून कोर्ट डोक्यावर घेतलं. पण आठवडाभरात बसम्मावर खटला भरला. दुकानातल्या झाडून सगळ्या पिशव्या पोलिसांनी गाडीत घालून नेल्या. तेवीस सालापासून त्या ढिगाला टेकून बसणारी बाई मोकळ्या भिंतीला टेकून बसली होती. मला ते बघवेना.

मॅजिस्ट्रेट वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कारकुनानं मला गाठून सांगितलं, बाईकडून दयेचा अर्ज आण, साहेब समज देऊन सोडतील. मी माझा उत्तम कागद काढला आणि जीव ओतून अर्ज लिहिला. असा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता, कारण ह्या वेळी मला तो मंजूर व्हायला हवा होता. पेठेत जाऊन तिच्यापुढे शाईची डबी ठेवली.

"अक्का, अंगठा दे. सुटलीस बघ."

"आधी वाचा की."

मी वाचलं. "अर्जदार ही अडाणी, निराधार विधवा असून तिला शिक्के, खुणा यांतले काही कळत नाही. तिच्या हातून अजाणतेपणी..."

"थांबा." तिनं हात मागं घेतला. "मला काय कळत न्हाई, आसं लिवलंय?"

"लिहायची रीत असते ती. सगळ्यांच्या अर्जात असतं."

"त्यो फौजदार अजून धोंडीरामच्या मागावर हाय, व्हय का न्हाई?"

होता. वरच्या कोर्टात जातो म्हणून चावडीवर सांगत फिरत होता. मी मान हलवली.

"मग उद्या तितं साहेब इचारंल, त्या पिशवीला दुसरा पाय हुता हे कुनी सांगितलं? म्हंत्याल, बसम्मानं. आनी बसम्माचा ह्यो कागद काढत्याल, मला काय कळत न्हाई म्हणून माज्याच अंगठ्याचा. मग अण्णा, त्या पोराचं काय?"

मी म्हणालो, दुसरा लिहितो, नुसती माफी मागतो. ती म्हणाली, लिवा, पर दुसरा पाय हुता ह्ये जानून कापलं आसं लिवा. तसा अर्ज मी लिहिला. तो वाचून कारकुनानं कपाळाला हात लावला. "अहो, हा दयेचा अर्ज आहे की कबुलीजबाब?" साहेबांचाही इलाज चालला नाही. पंधरा दिवसांची साधी कैद झाली.

ती जेलच्या दारातून आत गेली तेव्हा आम्ही तिघं बाहेर उभे होतो, मी, धोंडीराम आणि सोजरबाई. धोंडीराम लहान पोरासारखा रडत होता. बसम्मानं वळून त्याला दटावलं, "रडतुयास काय? उद्या पाळी हाय न्हवं तुजी? जा, जाऊन झोप." फौजदार वरच्या कोर्टात गेला. तिथं बसम्माची जबानी वाचली गेली, पिशवी भिंगाखाली धरली गेली, आणि धोंडीरामला परत कुणी बोलावलं नाही.