वेळेवर आलेल्या गाडीची माफी

माझा सोबा नूडल्सचा ठेला एक नंबर फलाटावर, आणि गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या इनोकुमा-सानांची खोली त्याला लागून. त्यामुळे सैतामातल्या आमच्या या स्टेशनवर हा माणूस दिवसभर माइकवरून किती माफ्या मागतो, ते मला पाठ आहे. गाडी जरा उशिरा आली, माफी. पावसाने फलाट निसरडा झाला, माफी. आवाज असा मऊ, जणू ढग यांनीच आणले होते.

आणि घरी? घरी तोंडाला कुलूप.

इनोकुमा-सानांची सासू वारली. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा एकोणपन्नासावा दिवस मोठा मानतात; तिच्या त्या विधीला हे गेलेच नाहीत. सहकाऱ्याने पाळी बदलून मागितली आणि यांना नाही म्हणता आलं नाही. सुमिए, यांची बायको, आईच्या फोटोपुढे एकटीच बसली. तिने नंतर एवढंच मागितलं, की 'चुकलो' म्हणा. हे म्हणाले, "कामच तसं होतं." झालं! उन्हाळा सरला, झाडांची पानं गळली, तरी तो एक शब्द काही निघेना. मला इतका संताप आला की यांच्या वाडग्यात कांद्याची पात घालणंच मी बंद केलं.

काल सकाळी सुमिए बॅग घेऊन फलाटावर आली. सेंदाईला बहिणीकडे चालली होती, कायमची. इनोकुमा-सान खोलीच्या दारात खांबासारखे उभे.

"अहो, शेवटचं विचारते," ती म्हणाली. "काही म्हणायचंय?"

यांनी तोंड उघडलं, मिटलं. मी पळी आपटली. "बोला की हो! घशात काटा अडकलाय का?"

ते वळले, आत गेले आणि माइक उचलला. गाडी अगदी वेळेवर येत होती. भोंग्यातून आवाज आला, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

फलाटावरच्या सगळ्या माना घड्याळाकडे वळल्या.

सुमिए भोंग्याकडे बघत म्हणाली, "आम्ही? आम्ही म्हणजे कोण हो? तुम्ही आणि रेल्वे?"

भोंगा खरखरला. म्हटलं, आता तरी बोलेल हा बाबा.

"कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा."

ती गाडीत चढली, ती गेलीच.

दुपारी वरचे साहेब आले. वेळेवर आलेल्या गाडीची माफी मागून प्रवाशांचा गोंधळ उडवलात, म्हणून माझ्या ठेल्यासमोरच त्यांनी यांना झापलं. इनोकुमा-सान कमरेत वाकले आणि जराही न अडखळता म्हणाले, "चुकलो मी."