बत्तीसावा पोहरा

या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि बहुतेक वेळा बायकोला वाचून दाखवून हसतो. आता हसायची पाळी तुमची, हे आधीच मान्य करून टाकतो. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर आम्ही त्याला आधी जाऊ देतो, कारण ते घाईत असतं... एवढाच माझा आणि या विषयाचा संबंध. नोकरीची सगळी वर्षं झाशीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वॅगनची चाकं आणि बेअरिंग बघण्यात गेली. आवाज येतोय तर कुठून येतोय, का येतोय, ते शोधायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, हेच काम. त्यामुळे जो आवाज मी स्वतः ऐकलाच नाही, त्याबद्दल लिहायला बसलोय हे माझं मलाच विचित्र वाटतंय. मराठीत मध्येच हिंदी डोकावेल. आईच्या माहेरच्या सात पिढ्या इथेच गेल्या, तेव्हा सांभाळून घ्या.

तर गोष्ट आईची आहे. आई एक्क्याऐंशी वर्षांची. सहा वर्षांपूर्वी तिचे दोन्ही कान गेले. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस गेली, मशीनचा उपयोग नाही. तरी मी हट्टाने मशीन आणलं. ते कपाटात पडून आहे. तेव्हापासून तिच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर खडूने लिहायचं. ती बोलते मात्र खणखणीत, आणि माझ्यापेक्षा जास्त.

आई गाणारी. सोळा-सतराव्या वर्षी ती बुवांकडे शिकली. बुवांचं नाव इथे लिहीत नाही, पण त्यांच्या बंदिशी आज देशभर गायल्या जातात. त्यातल्या नऊ बंदिशी त्यांनी आमच्याच भागात बांधल्या. मऊरानीपुरच्या बाजूला एका गावात ते दोन हिवाळे मित्राकडे राहिले होते, त्या वेळच्या. त्यामुळे अधूनमधून कोणी ना कोणी गाण्याचे शौकीन येतात, तो तलाव, ती टेकडी, ती विहीर असं सगळं हिंडून बघतात, फोटो काढतात.

त्या नऊंपैकी एक बंदिश विहिरीवरची म्हणून ओळखली जाते. भांडण तिच्यावरूनच आहे. ज्यांना ताल कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तीनताल सोळा मात्रांचा. त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा आणि तबला दोघं तिथे एकत्र येतात, ऐकणाऱ्यांच्या माना हलतात. आता आई ही बंदिश म्हणायची तेव्हा दर दुसऱ्या समेवर ती चक्क गप्प बसायची. जागा रिकामी. पुढच्या मात्रेला पुन्हा सुरू. म्हणजे बत्तीस मात्रांत एक मात्रा कोरी, आणि तीही नेमकी सम. जेवायला बोलावून ताटावरून उठवावं, तसं वाटायचं ऐकणाऱ्याला.

आईचं म्हणणं, बुवांनी तिला अशीच शिकवली. बाकी सगळे शिष्य मात्र समेवर व्यवस्थित यायचे. बुवा गेल्यावर ग्वाल्हेरला एका मैफिलीत थोरल्या गुरुबंधूंनी तिला भर स्टेजवर थांबवलं आणि विचारलं, "मुली, सम कुठे ठेवून आलीस?" लोक हसले. त्यानंतर आई स्टेजवर गायली नाही. घरात गायची, स्वयंपाक करताना, तीच बंदिश, तशीच. मी चांगली आठ वर्षं तबला शिकलोय. तिच्याबरोबर ठेका धरायचो आणि त्या रिकाम्या जागी मुद्दाम जोरात थाप द्यायचो, तिला ताळ्यावर आणायला. ती म्हणायची, इथे वाजवू नकोस रे. मी म्हणायचो, सम आहे आई, वाजणारच. आता हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. बुवांवर पुस्तक करतेय, नऊ जागांचे फोटो हवेत आणि आईकडून नऊ बंदिशींचं नोटेशन हवंय. बुवांच्या शिष्यांपैकी आता आईच तेवढी उरली आहे. मुलगी सालस होती. पण विहिरीच्या बंदिशीबद्दल तिने आधीच सांगून टाकलं की छापायची ती सगळे म्हणतात तशीच, आणि आईची आवृत्ती खाली टीपेत जाईल, वयोमानाने झालेली चूक म्हणून. मी हे आईला पाटीवर लिहून दाखवलं. आईने वाचलं, पदराने पुसून टाकलं आणि म्हणाली, "म्हणजे मी मेल्यावरही बेतालच." मग दोन दिवस ती जेवली नाही नीट.

संक्रांत झाली आणि मी तिला म्हटलं, चल, फोटो तरी काढून आणू. तेवढंच तिचं मन रमेल, हा विचार. गुळाच्या पोळ्या डब्यात घेतल्या, पाटी घेतली आणि सकाळी धुकं विरल्यावर मऊरानीपुर रोडला लागलो. तलाव झाला, टेकडी झाली. मग ती प्रसिद्ध विहीर. पायऱ्यांची बावडी आहे, कोरीवकाम आहे, फोटोला झकास. बंदिशीच्या शब्दांत रहाट आहे, म्हणून मी सवयीने रहाट कुठे बसवला असेल ते बघायला लागलो... आणि माझ्या लक्षात आलं की इथे रहाट बसूच शकत नाही. एका बाजूला बैल फिरायला जागा लागते, पोहऱ्यांची माळ सरळ खाली सोडायला आत मोकळा काठ लागतो. दोन्ही नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं सगळे शौकीन भलत्याच विहिरीपुढे उभे राहून फोटो काढत होते! मला हसू आलं. तरी फोटो काढला आणि परत निघालो.

गावाबाहेर पडून अर्धा किलोमीटर झाला असेल. दोन्हीकडे मटार आणि गहू. काचा बंद. आई मागे बसली होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बापू, गाडी थांबव. कोणीतरी रहाट चालवतंय."

मी थांबवली. इंजिन बंद केलं, काच खाली केली. काही नाही. लांबवर मोटर पंपही चालू नव्हता, वीज गेलेली होती... ते मी नंतर मुद्दाम विचारून घेतलं. आई दार उघडून उतरली आणि बांधावरून सरळ चालायला लागली, काठी टेकत. शंभर-सव्वाशे पावलांवर बोरीच्या झुडपांत एक जुनी विहीर होती, रस्त्यावरून न दिसणारी. पाणी होतं तळाला, पण रहाट नाही, माळ नाही, काही नाही. नुसता पाण्याचा दगडी पाट, आणि भोवती बैल फिरून फिरून दबलेल्या जमिनीचं गोल रिंगण, त्यावर गवत.

आई पाटाच्या कडेला बसली, मांडीवर पाटी घेतली आणि बोटाने पाटीवर ठोके द्यायला लागली. मी आधी घड्याळ बघितलं, सवय. अकरा वाजून दहा मिनिटं. मग ठोके मोजले. एकतीस ठोके, आणि बत्तीसाव्याला बोट वरच. पुन्हा एकतीस, पुन्हा बोट वर. यात मला नवल वाटलं नाही, तिची बंदिशच तशी. नवल वेगळंच वाटलं. ठोके मध्येच मंद व्हायचे. दोन-तीन ठोके सावकाश, मग परत पहिल्यासारखे. आणि हे मंदावणं बत्तीसच्या हिशोबात बसत नव्हतं, त्याचं चक्र निराळं होतं. बंदिशीत असलं काही नाही. मी वर्कशॉपचा माणूस, मला वाटलं, दोन वेगवेगळी चाकं एकात एक फिरताहेत. आई डोळे मिटून म्हणाली, "एक पोहरा फुटका आहे. ऐकतोयस ना?"

एवढ्यात शेतमालक आले. सत्तरीपार, डोक्याला मफलर, हातात विळा. आपल्या विहिरीवर कोण बसलंय ते बघायला आले होते. मी उठून नमस्कार केला, म्हटलं कक्का, माँ जी थोडी देर बैठेंगी. त्यांनी मान हलवली आणि आईच्या मागे, चार पावलांवर उकिडवे बसले. आईला ते दिसत नव्हते. ऐकू येण्याचा तर प्रश्नच नाही. कक्का थोडा वेळ तिच्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर रिंगणावरून फिरायला लागली, गोल, सावकाश, जसं काही त्यावरून कोणी चालतंय. आणि ते पुटपुटले, "अब."

आईचं बोट मंदावलं.

परत नजर गोल फिरली. परत "अब." परत बोट मंदावलं. असं पाच वेळा झालं. मी मोजलं. पाचही वेळा "अब" आधी आणि बोट नंतर. सहाव्या वेळी बोट थांबलंच. चार-पाच सेकंद पूर्ण थांबलं. मला वाटलं संपलं. कक्का हळूच म्हणाले, "रोटी मिल गई." आणि बोट पुन्हा चालू झालं.

कक्कांचे डोळे भरले होते, पण घाबरल्याचं काही चिन्ह नव्हतं. त्यांनी बुंदेलीत सांगितलं ते असं. हा रहाट त्यांच्या आजोबांचा. बैल हाकायचे कक्का स्वतः, लहानपणी. त्यांचा लाखा नावाचा बैल होता. रिंगणाच्या त्या बाजूला त्यांची आई गोवऱ्या थापायची आणि कधीमधी लाखाला भाकरी द्यायची. म्हणून लाखा दर फेरीला तिथे पाय ओढायचा. मिळाली तर थांबून खायचा, नाही मिळाली तर पुढे. "जा तो हमाए रहट की चाल आय," ते म्हणाले. "अम्मा खों कीने बताई?" ही आमच्याच रहाटाची चाल, यांना कोणी सांगितली?

मी हातानेच त्यांना थांबा म्हटलं, ठोके अजून चालू होते.

ठोके अकरा वाजून एकवीस मिनिटांनी थांबले. आईने डोळे उघडले, कक्कांना बघून पदर सावरला. मी तिला पाटीवर सगळं लिहिलं, लाखाचं आणि भाकरीचं. ती म्हणाली, "तरीच मध्ये थांबला. मला वाटलं बैल सोडले." जसं काही शेजारी कुकरची शिट्टी झाली, इतक्या साधेपणाने.

कक्का आम्हाला घरामागच्या छपरात घेऊन गेले. मोटर आल्यावर रहाट काढला, पण माळ त्यांनी भंगारात दिली नव्हती. गंजलेल्या लोखंडी पोहऱ्यांची माळ खुंट्यांवर टांगलेली होती. मी मोजले. बत्तीस. त्यातला एक बिनबुडाचा. गंजून गेलेला नव्हे, बूड नीट कापून काढलेलं, कडा घासलेल्या. कक्का म्हणाले, आजोबांनीच कापलं होतं. ते म्हणायचे, इतका उपसा करतो तर एका पोहऱ्याचं पाणी विहिरीचं विहिरीला परत गेलं पाहिजे. कुएँ का हिस्सा कुएँ को. म्हणजे एकतीस पोहऱ्यांचं पाणी पाटात पडायचं आणि बत्तीसावा नुसताच फिरून जायचा, बिनआवाजाचा.

मी ते पाटीवर लिहिलं. आईने तो पोहरा धरला आणि त्यात हात घातला. हात आरपार खाली आला. गंज लागलेली बोटं खालून दिसत होती. मग ती म्हणाली, "मी चुकले नव्हते रे." आणि रडली. मीही रडलो, उगाच कशाला लपवू.

आता तुमचे प्रश्न, कारण ते मीच मला विचारून झालेत. बुवांनी फुटक्या पोहऱ्याचं तिला सांगितलं असेल का? असेल. ती म्हणते नाही, बुवा कारण कधी सांगत नसत, "जसं देतो तसं म्हण" एवढंच. ती आधी या गावात आली होती का? त्या काळी आमच्याकडच्या मुली शहरातल्याच दतिया गेटपर्यंत एकट्या जात नसत, इतक्या लांब कुठे! बरं, पोहऱ्याचं एक वेळ सोडा. लाखाच्या भाकरीचं बंदिशीत नाही, कुठल्या पुस्तकात नाही. कक्कांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. आणि बंद काचांच्या गाडीत तिने ती विहीर कशी ओळखली? जमिनीची थरथर म्हणावी तर थरथरायला तिथे काही चालू नव्हतं. माझ्या रजिस्टरमध्ये 'कारण' असा रकाना असायचा. तो मी नोकरीत एकदाही कोरा सोडला नव्हता.

पुण्याच्या मुलीला मी पोहऱ्याचा फोटो पाठवला आणि आईच्या पद्धतीचं नोटेशन पाठवलं. तिने आता मुख्य मजकुरात आईचीच बंदिश घेतली आहे. बाकीचं मी तिला कळवलं नाही. पुस्तकात ते कुठे बसवणार ती तरी?

परतीच्या वाटेवरचं एक राहिलं. आईने मला विचारलं, "तुला ऐकू आलं ना पण?" मी गाडी कडेला घेतली. हो लिहिलं असतं तर काय बिघडणार होतं! पण आयुष्यभर मी तिला खोट्यात काढलं होतं, त्यात आणखी एक खोटं नको वाटलं. पाटीवर लिहिलं, नाही. तिने विचारलं, अजिबात? मी मान हलवली. ती खुदकन हसली. म्हणाली, "म्हणजे आज बहिरा तू."

हल्ली रोज संध्याकाळी मी माळ्यावरून काढलेला तबला घेऊन बसतो. आई समोर बसून माझ्या हाताकडे बघत गाते. सूर इकडेतिकडे जातो, तिला स्वतःचं ऐकू येत नाही ना, पण लय घड्याळासारखी. दर दुसऱ्या समेला मी हात वर उचलून धरतो. त्या एका मात्रेत कान देऊन बघतो. अजून तरी मला काही ऐकू आलेलं नाही.