सहाजणांची जागा

नोव्हेंबर १९५७, रविवार सकाळ. हजर: तक्रार करणारे स्टोअरचे जोगळेकर, शेजारच्या मोटवानींची बायको, टिकाव घेतलेला गवंडी, आणि मी, वसाहतीच्या दुरुस्त्या बघणारा. ज्यांच्या क्वार्टरची तपासणी, ते साहेब दारात मोज्यांवर उभे, ओठांवर बोट. "हळू, हळू. बोलणं हळू."

हे त्यांचं नेहमीचंच. मूळचे हॉलंडचे. पिंपरीच्या आमच्या औषधाच्या कारखान्यात ते काच फुंकून प्रयोगशाळेसाठी नळ्या बनवत. बूट उंबऱ्याबाहेर काढत, दार आवाज न करता लावत, जेवताना ताटाला चमचा लागू देत नसत. "परदेशी असून बघा, आपले संस्कार कसे उचललेत!" असं जोगळेकर स्वतःच्या मुलांना सुनावत. साहेब नुसती मान डोलवत.

असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याविरुद्ध तक्रारीला जागाच सापडत नाही, म्हणून माणसं बेचैन होतात. जोगळेकरांना अखेर ती सापडली. साहेबांनी आतल्या खोलीत विनापरवाना विटांची आडभिंत घातली होती आणि तिच्यापुढे कपाट लावलं होतं. "दारूबंदी आहे, राव! दुसरं काय असणार आत?" वरून हुकूम आला: तपासा आणि पाडा.

कपाट सरकवायला साहेबांनीच हात लावला. जराही आवाज झाला नाही. मागं भिंतीत बुटकं दार; आत सतरंजी, पाण्याचा माठ आणि चिवड्याचे डबे.

"अहो, हा आमचा डबा!" जोगळेकर ओरडले. "गेल्या दिवाळीला फराळ भरून दिलेला!"

"हळू," साहेब म्हणाले.

"इथं राहणार कोण?" मी विचारलं.

"सहाजण. मी. मोटवानी, दोघं. जोगळेकरांची दोन मुलं, आणि वहिनी." मग जोगळेकरांकडे बघून, फार दिलगिरीनं, "तुम्ही जरा रुंद आहात. तुमच्यासाठी पोटमाळा."

"आम्ही कशाला लपू? आम्ही कुणाचं काय वाकडं केलंय?"

"आम्हीपण हेच म्हणत होतो."

साहेब ज्यू, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. जर्मन फौजा आल्यावर एका शेतकऱ्यानं त्यांना घरात कपाटामागं लपवलं. दिवसा चालायचं ते मोज्यांवर, खोकायचं ते उशीत तोंड खुपसून. "जागा तिघांची होती. आईवडील, आम्ही दोघं भाऊ. धाकट्याला दुसऱ्या गावी पाठवलं."

"मग?"

"त्याला पकडलं. आम्हाला जागा पुरली."

माहिती पूर्ण घ्यायची मला सवय आहे. मी तपासणीची वही मिटली.

मोटवानींची बायको फाळणीत सिंध सोडून आलेली. पहिली काही वर्षं तिनं इथल्याच निर्वासित कॅम्पात काढली होती. ती वाकून आत शिरली, कोपरे बघून बाहेर आली. "कडी आतून लागते?"

"लागते."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पदर झटकून घरी गेली.

गवंड्यानं टिकाव उचलला. "पाडू न्हवं?"

"नियम आहे, पाडा," साहेब म्हणाले. "फक्त आधी दुसरी जागा दाखवा. सहाजणांची."

सगळे माझ्याकडे बघू लागले. वसाहतीतली खोली न् खोली मला पाठ होती. तशी एकही आठवेना. जोगळेकर खाकरले. मग चक्क हळू आवाजात म्हणाले, "आज राहू द्या हो. रविवार आहे."

करार संपल्यावर साहेब इस्राएलला गेले. तिथं त्यांची एक चुलत बहीण निघाली म्हणे. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि जोगळेकरांचा डबा घासूनपुसून परत केला. क्वार्टरमध्ये आता नवं बिऱ्हाड आहे. भिंतीमागं ते गोधड्या ठेवतात.

वरून दरवर्षी विचारणा होते. मी गवंड्याला बोलावतो. तो टिकाव घेऊन येतो, आणि जोगळेकर त्याला खांद्याला धरून चहाला घेऊन जातात. मी उत्तर कळवतो: पर्यायी जागेचा शोध चालू आहे. भिंत पाडणं बाकी.