बूमच्या टोकाची टोपी

"व्हायरस आहे म्हणून सांगून टाका, भास्करभाई," शेठ म्हणाले आणि मोटरसायकलची चावी माझ्यापुढे सरकवली.

मी अजून शेत पाहिलंही नव्हतं.

आमचं वर्कशॉप सुरतजवळ पलसाण्याला, हायवेवर, कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या मिलांच्या रांगेत. शेतीची अवजारं विकतो, दुरुस्त करतो आणि दोन ट्रॅक्टर स्प्रेयर भाड्याने देतो. सर्व्हिस माझ्याकडे. मूळचा मी धुळ्याकडचा, राहायला सुरतेत लिंबायतला. एवढ्या वर्षांत हात कायम ग्रीसमध्ये, त्यामुळे नखं कधी पांढरी दिसली नाहीत.

फोन सविताबेनचा होता. आठ दिवसांपूर्वी आमच्या स्प्रेयरने त्यांच्या भेंडीवर किडीचं औषध मारलं होतं. आता पानं आकसली होती.

स्प्रेयर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बसवलेली चारशे लिटरची टाकी आणि पंप. त्याला दोन्ही बाजूंना पसरलेले पाइपांचे हात असतात, त्यांना बूम म्हणतात. बूमवर ओळीने नोझल, म्हणजे फवारा उडवणारी बारीक तोंडं. बूमच्या दोन्ही टोकांना एकेक टोपी असते. तिला आम्ही एन्डकॅप म्हणतो. या टोपीकडे कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

बांधावर सविताबेन आणि त्यांचे जेठ, म्हणजे मोठे दीर, उभे होते. सविताबेनचा नवरा हजिऱ्याकडे कंपनीत कामाला, त्यामुळे शेत त्याच बघतात. औषधही त्यांनीच मिसळलं होतं. आम्ही गुजरातीत बोललो, इथे मराठीत लिहितो.

जेठ म्हणाले, "मोठेपणा करायला गेली. माप चुकलं. पुढच्या हंगामात हा तुकडा मी माझ्या उसात घेतो, म्हणजे कटकट मिटली."

सविताबेनने औषधाची बाटली आणि मापाचं झाकण माझ्या हातात दिलं. झाकण धुऊन, पुसून ठेवलेलं होतं.

"मी दोनदा माप बघितलं, भाई. तरी माझंच चुकलं असेल तर तसं सांगा. पण बघून सांगा."

मी वाफ्यात शिरलो. गुडघ्याएवढी भेंडी. काही झाडांचे शेंडे मुरडलेले, पानं चिंधीसारखी अरुंद झालेली. हे किडीचं काम नव्हतं. हे टू-फोर-डीचं होतं. उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारतात ते औषध. उसाला त्याचं काही होत नाही, भेंडी आणि कपाशी मात्र त्याच्या थेंबाने वाकड्या होतात. आमचा तोच स्प्रेयर इथे येण्याच्या आदल्या दिवशी उसात जाऊन आला होता.

सगळी भेंडी बिघडली नव्हती. पट्टा चांगला, मग दोन ओळी वाईट, पुन्हा पट्टा चांगला. मी खिशातून टेप काढला. वाईट ओळी बरोबर बूमच्या लांबीइतक्या अंतरावर येत होत्या. पहिल्या फेरीत जास्त, शेवटच्या फेरीत कमी. व्हायरस टेप लावून पसरत नाही. आणि माप चुकलं असतं तर सगळं शेत सारखंच बिघडलं असतं.

मला कळलं होतं. तरी मी म्हणालो, "मशीन बघून सांगतो."

जेठ हसले. सविताबेन झाकण परत घेऊन घराकडे गेल्या. मोटरसायकलवर परत येताना मला दिसत होता तो माझा हात, तीन महिन्यांपूर्वीचा.

तेव्हा त्या स्प्रेयरच्या दोन्ही एन्डकॅप गळत होत्या. वॉशर मिळत नव्हते. मी एपॉक्सी पुट्टी मळली आणि टोप्यांवर थापली. दुसऱ्या दिवशी दगडासारखी घट्ट. एक थेंब गळेना. शेठने सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी दिवसभर छाती काढून फिरलो. टोपी गळू नये एवढंच मी पाहिलं. ती उघडण्यासाठी असते हे विसरलो. टाकी कितीही धुवा, टोकाला साचलेलं औषध टोपी उघडल्याशिवाय निघत नाही. पुढच्या फवाऱ्यात ते थोडं थोडं सुटत राहतं, आणि तेही टोकाच्या नोझलांतून.

सविताबेनकडे मशीन जाण्याआधी मी टाकीत साधं पाणी दोनदा फिरवलं होतं, वास घेतला होता आणि जॉबकार्डवर 'वॉश ओके' लिहून सही केली होती. आमच्याकडे तपासणी नाकानेच व्हायची. नाकाला टाकी कळते, बूमचं टोक कळत नाही.

मी वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा स्प्रेयर चालू ट्रॅक्टरला जोडलेलाच होता. इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. प्रेशर गेज शून्यावर आल्याचं पाहिलं. रबरी हातमोजे, चष्मा, एप्रन चढवला आणि खाली घमेलं ठेवलं. बाजूला उभा राहून छिन्नीने पुट्टी फोडली. टोपी सुटली तसा आधी चहाच्या रंगाचा चिकट गाळ पडला, मग उसाच्या फवारणीचा तो ओळखीचा, डोक्यात जाणारा वास आला.

शेठ केबिनमधून बाहेर आले. घमेल्यात बघितलं.

"हे कुणी पाहिलं?"

"मी."

"मग झालं. जॉबकार्डवर लिहा, मशीन बरोबर, पिकाला व्हायरस."

मी कार्ड काढलं. माझ्या 'वॉश ओके'वर काट मारली. खाली लिहिलं, एन्डकॅप मी बंद केल्या होत्या, उघडून धुतल्या नाहीत, भेंडीचं नुकसान त्यामुळे. सही केली.

"नोकरी करायची आहे ना, भास्करभाई?"

"करायची आहे. पण या कार्डावर दुसरी सही माझी होणार नाही. तुम्हाला व्हायरस लिहायचा असेल तर पेन हे घ्या."

शेठने पेन घेतलं नाही.

त्याच दुपारी मी कार्ड आणि टोपी घेऊन परत शेतावर गेलो. परवानगी मागितली नव्हती. जेठला टेप धरायला लावून ओळी मोजल्या. टोपीचा वास घ्यायला त्यांनी नाक पुढे केलं तेव्हा मी हात मागे घेतला. नाकावर विश्वास ठेवूनच हे झालं होतं. मग सविताबेनना म्हणालो, "माप बरोबर होतं. चूक माझी. पुट्टी मी लावली, सही मी केली. सकाळी मला कळलं होतं आणि मी बोललो नाही, तेही माझंच."

त्यांनी जेठच्या हातातून टेप घेतला आणि गुंडाळला.

"हे आता घरात, सासूबाईंसमोर पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

सांगितलं. उभ्यानेच.

वाकड्या ओळी काही सरळ झाल्या नाहीत, त्या उपटाव्या लागल्या. शेठने मला तीन महिने पार्ट्सच्या काउंटरवर बसवलं. मला चालेल, म्हणालो, पण टोप्या उघडून धुतल्याशिवाय मशीन गेटबाहेर जाऊ देणार नाही. दोनदा मी मशीन अडवून गेटमध्ये उभा राहिलो. शेवटी शेठनेच नवीन टोप्या मागवल्या आणि एका स्प्रेयरला लाल पट्टा मारायला लावला. तो फक्त तणनाशकाला. दुसऱ्यात तणनाशक घालायचंच नाही. लाल पट्ट्याचंही धुणं ठरलेलं आहे. टाकी तीनदा, त्यातलं मधलं धुणं क्लीनर घालून. फिल्टर आणि नोझल साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने. टोप्या उघडून पाणी वाहू द्यायचं. नोझल तुंबलं तरी तोंडाने फुंकायचं नाही. धुतलेलं पाणी नाल्यात नाही, फवारलेल्या शेतातच.

पुढच्या हंगामात सविताबेन स्वतः वर्कशॉपला आल्या. तुकडा त्यांच्याकडेच राहिला होता, आणि पुन्हा भेंडीच होती. शेठने माझ्याकडे बोट दाखवलं. मी 'वॉश ओके'चं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते वाचलंही नाही.

"हातमोजे द्या," त्या म्हणाल्या. "टोपी मी उघडते."

तेव्हापासून भाड्याने नेणाऱ्याने टोपी स्वतः उघडून बघायची आणि मगच मी सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे. गळणारी टोपी बदलायची असते. मी ती बुजवली होती.