लुईसचं धारेचं यंत्र

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझं माहेर, सासर आणि दोह्यातलं आमचं अख्खं मराठी मंडळ एकमुखानं सांगेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई म्हणायची. त्यापायी भांडणं झाली, पुष्कळशी मिटलीही. पण एकदा लुईसला चारचौघांत जे बोलून गेले, ते आठवलं की आजही माझाच मला राग येतो. लुईस आता वसईला आपल्या केळीच्या बागेत असतो, मी इथेच आहे. शुक्रवार सकाळ अजून त्याच्याशिवाय रिकामी वाटते.

लुईस तुस्कानो एकोणीसशे नव्व्याण्णवला कतारला आला. आधी कामगारांच्या कँपांना जेवण पुरवणाऱ्या कंपनीत होता, मग मुशैरिबजवळच्या एका हॉटेलात बुचर झाला, म्हणजे किचनमध्ये मटण-चिकन कापून द्यायचं काम. बायको जोसेफीन वसईलाच. तिच्याशी फोनवर वसईची कुपारी बोली बोलायचा, ते मला निम्मंशिम्मं कळायचं. माझ्याशी मात्र शाळेतलं स्वच्छ मराठी, आणि 'चला'ऐवजी मध्येच अरबी यल्ला: 'यल्ला चारूवहिनी, चहा टाका.' चारू म्हणजे मी, चारुलता. माझा नवरा गंधार गॅस कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. अल मुंतझा भागात आमचा दोन बेडरूमचा जुना फ्लॅट.

ओळख झाली ती गणपतीच्या महाप्रसादाला, दोन हजार अकरा साली. अडीचशे पानांचा स्वयंपाक होता. मी कोबी चिरत होते आणि घामाघूम झाले होते. कुणाच्या तरी ओळखीनं मदतीला आलेला हा उंच, काळासावळा माणूस शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, ही सुरी आहे की फूटपट्टी?"

"तुम्हाला काय करायचंय? कोबी मी चिरतेय ना?"

त्यानं माझ्या हातातली सुरी घेतली. पिशवीतून निसणा काढला, ओल्या फडक्यावर ठेवला, पाणी शिंपडलं आणि त्या दगडावर पातं फिरवायला लागला. नजर दगडाकडे नव्हतीच, गणपतीच्या मखराकडे होती. पाच मिनिटांनी सुरी परत दिली. कोबीवर ठेवली तर ती आपली आपण खाली गेली. मी थँक्यू म्हटलं नाही, घरातल्या आणखी चार सुऱ्या आहेत एवढंच सांगितलं.

तेव्हापासून तो दर शुक्रवारी यायचा. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून प्रार्थनाही शुक्रवारी. चर्चमधून निघाला की सरळ आमच्याकडे. आजूबाजूच्या बायका सुऱ्या, कात्र्या आणून ठेवायच्या. माझ्या नाशिकहून आणलेल्या विळीला तर तो कौतुकानं धार लावायचा. गंधारला मोजल्याशिवाय काही पटत नाही. त्यानं एकदा कोन मोजायचं डिजिटल यंत्र आणलं आणि लुईसच्या हाताखाली धरलं. दहा वेळा पातं उचलायला लावलं, दहा वेळा ठेवायला. फरक अर्ध्या अंशाचाही नाही. गंधारनं यंत्रच बिघडलंय का, ते तपासलं.

काय दिवस होते ते. दोन हजार बावीसच्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी सगळं शहर उकरून ठेवलेलं. गेल्या शुक्रवारी जिथे राउंडअबाउट होता, तिथे या शुक्रवारी सिग्नल, त्याच्या पुढच्या शुक्रवारी खड्डा. लुईस दर वेळी नव्या रस्त्यानं यायचा आणि आल्या आल्या शिव्या घालायचा. डोळ्यांत, पोळपाटावर, कपड्यांवर धूळ. भाडं वाढलं तरी वर्ल्ड कप, दूध महाग झालं तरी वर्ल्ड कप. आम्ही वैतागायचो आणि आतून खूषही असायचो, कारण घरात लग्न निघालं की होतो तसा तो गोंधळ होता.

लुईसला त्या वर्ल्ड कपचं वेड होतं, पण फुटबॉलसाठी नव्हे. दोन हजार दहाच्या डिसेंबरात वर्ल्ड कप कतारला मिळाल्याची बातमी आली, तेव्हा तो कँपचं जेवण घेऊन व्हॅनमध्ये निघाला होता. कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांत दोन तास अडकला. जेवण थंड झालं, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. पण तिथूनच त्यानं जोसेफीनला फोन करून सांगितलं, की वर्ल्ड कप बघायला मंडळी येतील तेव्हा त्यांना मी जेवू घालणार आणि मग कायमचा घरी येणार. "बांधणाऱ्यांना जेवायला घातलं, वहिनी," तो म्हणायचा, "आता बघायला येणाऱ्यांना घालायचं. मग खलास."

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात तो जरा अवघडून म्हणाला, "गंधारच्या पोस्ट बॉक्सवर माझं एक पार्सल मागवू का?" इथे टपाल घरी येत नाही, ज्याच्या त्याच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येतं. मी विचारलं, तुझ्या हॉटेलचा बॉक्स काय झाला? तर म्हणे तिथे वस्तू हरवतात. मला पटलं. मी फारसा विचार केला नाही.

पार्सल आलं नेमकं गणपतीत. दुसऱ्याचं पार्सल उघडू नये, हे मलाही कळतं. तरी उघडलं. आत धार लावायचं यंत्र. पातं पकडायला चिमटा, बाजूला उभा दांडा, त्यावर अंश कोरलेले, आणि एका सळईला लावलेला दगड. दांड्यावर कोन ठरवायचा आणि सळई पुढे-मागे करायची, दगड त्याच कोनात फिरतो. हाताला काही येत नसलं तरी चालतं. खोक्यावर 'प्रोफेशनल मास्टर' असं सोनेरी अक्षरांत. गंधारनं बघितलं आणि सांगितलं, "ही नक्कल आहे. अस्सल यंत्राची किंमत लुईसच्या महिन्याच्या पगाराएवढी. हे शे-सव्वाशे रियालचं." चिमटा हातात घेतला तर खिळखिळा होता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आता हे ठेवून द्यावं आणि लुईसला निवांत द्यावं, की नाही? मी ते पिशवीत घातलं आणि महाप्रसादाच्या स्वयंपाकाला घेऊन गेले. पंधरा-वीस माणसं भाज्या चिरत होती. सगळ्यांसमोर ते टेबलावर मांडलं आणि म्हणाले, "बघा हो, आमच्या लुईसभाऊंनी काय मागवलंय. इतकी वर्षं हाताच्या गमजा मारत होता, आणि आता चोरून यंत्र."

सगळे हसले. कुणी म्हणालं, म्हातारा झाला. कुणी म्हणालं, तो जुना खेळ दाखव, काकडीची सलग पट्टी काढतोस तो. लुईसही हसला. "झालो ना म्हातारा," म्हणाला, यंत्र उचललं आणि गाडीत ठेवून येतो म्हणून गेला.

अर्धा तास झाला तरी आला नाही, म्हणून मी पार्किंगमध्ये गेले. तो गाडीच्या दाराशी उभा होता. किल्ली कुलपाला लावत होता आणि ती लागत नव्हती. उजवा हात थरथरत होता, म्हणून डाव्या हातानं मनगट धरलं होतं. दोन्ही हातांनी एक किल्ली. मी जागच्या जागी उभी राहिले. मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं. डॉक्टर म्हणतो, जिवाला धोका नाही. पण वाढत जाणार. गोळ्यांनी थोडं थांबतं." मग किल्ली खिशात टाकून म्हणाला, "वहिनी, दगडावर कोन राहत नाही आता. सुरी बोथट दिसली की किचनमध्ये विचारतील. आणि एकदा मेडिकल अनफिटचा शिक्का बसला की पुढच्या महिन्यात विमानात. मला हाकललेला म्हणून घरी जायचं नाही. वर्ल्ड कप झाला की मीच जाईन. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि बोट कापून घेतलंस म्हणजे?"

"म्हणून तर धार हवी. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो. जोर दिला की हात जास्त हलतो."

मी माफी मागितली. आयुष्यात फार वेळा मागितलेली नाही, पण त्या दिवशी मागितली. तो म्हणाला, "सोडा हो, तुम्हाला काय ठाऊक." मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या शुक्रवारपासून आमच्या स्वयंपाकघरात त्या नकलेची दुरुस्ती सुरू झाली. गंधारनं कोन मोजला, तर दांड्यावर वीस लिहिलेलं आणि निघाले सतरा. दुसऱ्या बाजूला पालटलं की एकोणीस. चिमट्यात पातं सरकत होतं, सळई भोकात हलत होती. गंधारनं चिमट्याला आतून जुन्या पट्ट्याचं चामडं चिकटवलं, भोकात नायलॉनची बारीक नळी बसवली, दांड्यावरचे आकडे खरवडून स्वतः नव्या खुणा केल्या. तीन शुक्रवार गेले. चौथ्या शुक्रवारी लुईसनं सळई धरली, हात थरथरला, पण दगड आपल्या कोनातच फिरत राहिला. त्यानं कांदा घेतला आणि त्यावर सुरी नुसती टेकवली, ती आपली आपण खाली गेली. मग बराच वेळ तो कांद्याकडेच बघत बसला. ईरा, आमची लेक, म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अॅन अनियन." त्यावर तो इतका हसला की मलाही बरं वाटलं.

माझी विळी मात्र त्या चिमट्यात बसेना, पातं वाकडं. मग ती मीच निसण्यावर घासायला शिकले. तो शेजारी बसून "उचला, उचला, आता टेकवा" करायचा. मी चिडले की म्हणायचा, तुमच्या जिभेला लावतो तेवढाच जोर हाताला लावा. कोरोनात दीड वर्ष येणं बंद झालं, तेव्हा फोनवर विळीची विचारपूस करायचा. हॉटेलमधल्या सुऱ्या तो खोलीवर आणून, दार लावून त्या यंत्रावर करत होता. कुणाला कळलं नाही, असं तो म्हणायचा. मीही, माझा स्वभाव असूनसुद्धा, गंधारशिवाय कुणापाशी बोलले नाही.

मग दोन हजार बावीसचा सप्टेंबर उजाडला. स्टेडियमं झाली होती, रस्ते झाले होते, हॉटेलात गर्दीसाठी नवे कुक येणार होते. कमाल नावाचा त्यांचा लेबनीज हेड शेफ होता. त्यानं सांगितलं, जुन्यांनी नव्यांसमोर एकेक काम करून दाखवायचं. लुईसच्या वाट्याला कोकराचा खांदा आला, हाडापासून मांस सोडवायचं. तीस माणसं भोवती. त्या शुक्रवारी आमच्या स्वयंपाकघरात बसून लुईसनं हे सगळं मला सांगितलं.

"सुरी तिथल्या सगळ्यांत चांगली माझीच होती, वहिनी. पण हाडापर्यंत गेलो आणि हात ऐकेना. धार यंत्रानं लागते, कापायचं कुणी? तशी ती सुरी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, शेफ, माझा हात बिघडलाय. चार वर्षं झाली. मी लपवलं. मला माफ करा."

"मग?"

"कमाल म्हणाला, ते आम्हाला माहीत आहे. कोरोनाच्या आधीपासून. नसरुद्दीन आहे ना, शेजारच्या टेबलावरचा, हैदराबादचा. मी ब्रेकला गेलो की माझ्या ट्रेमधलं बारीक काम तो करून ठेवायचा. मोठमोठे तुकडे तेवढे माझ्यासाठी सोडायचा. मला वाटायचं, कामच तसं येतंय. कमालनंच त्याला सांगितलं होतं. मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणतो, तू रोज सकाळी सुऱ्यांना धार लावून यायचास. ज्याला जायचंय तो धार लावत नाही. आता वर्ल्ड कप संपला की जा, आधी नाही. नव्या पोरांना शिकव."

मी गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर बसले. लुईसनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. उजवा थरथरत होता, त्यानं तो धरला नाही.

"मी त्यांच्यापासून लपवत होतो, वहिनी," तो म्हणाला, "आणि ते मला लपवू देत होते." मग तो रडला, मोठ्यानं, आणि मीही त्याला थांबवलं नाही.